ढोलकीपुढं ठेवलेली नोट

"हॅलो? … संगीत विभागच ना? … मोठे सर बोलून राहिले का? … मग तुमीच ते. तुमीच माझ्या लेकराला शुक्रवारच्या कार्यक्रमातून काढून टाकलं. काहून काढलं? चोरी केली व्हती का तिनं?"

वारंगा फाट्यावरच्या खिचडीच्या हॉटेलात दुपारची गर्दी ओसरत आली होती. जनकाबाईचा हात अजून खिचडीनं माखलेला होता. फोन तिनं खांदा आणि कानाच्या मधात दाबून धरला होता, कारण सकाळपासून लावलेला हा नंबर आत्ता कुठं उचलला गेला होता. विद्यापीठातल्या मोठ्या माणसांना फोन वाजलेला लवकर ऐकू येत नाही. फाट्यावर मात्र ट्रकच्या हॉर्नमधून गिऱ्हाइकाची कुजबुज ऐकावी लागते.

"कोन म्हंजी? जनकाबाई. आकांक्षाची आई. … अहो ढोलकीवाली आकांक्षा! दुसरी पोरगी हाय का तुमच्याकडं ढोलकीवर? … मग. वळखलं ना. … न्हाई, मी शांतच हावो. माझा आवाजच असा हाय. ट्रक चालले ना हितून, हळू बोललं तर माझं मला ऐकू येत न्हाई. … हां. बोला."

पलीकडून बोलणं सुरू झालं आणि लांबलं. जनकाबाईनं तेवढ्यात दोन प्लेटा धुतल्या.

"झालं तुमचं? … मग आता माझं ऐका. शिस्त, शिस्त, शिस्त. येवढ्यात चार बारी म्हनलात. शिस्त मला बी कळते. हितं जेवून गेल्यावर ताट उचलून ठेवायची शिस्त मी डायवर लोकांना लावली, तुमी काय सांगता! … भाऊ, खिचडी संपली. भजे हायत, गरम. … तुमाला न्हाई सर, गिऱ्हाइकाला. … सांगा ना, पोरीनं काय बिघडवलं?"

काय बिघडलं होतं ते जनकाबाईला ठाऊक होतं. ती तिथं होती.

गेल्या रविवारी विद्यापीठाच्या सभागृहात विद्यार्थ्यांचा वाद्यवृंद झाला. सतारी, बासऱ्या, व्हायोलिनं, तबले, आणि सगळ्यांच्या मधोमध ढोलकी घेऊन बसलेली जनकाबाईची लेक. नवरा-बायको दोन गाड्या बदलून गेले होते. नवरा ग्यानोबा. त्याची उमर गायन पार्टीत ढोलकी वाजवण्यात गेली. जयंतीला, वर्षावासाला, कोणाच्या गृहप्रवेशाला, जिथं बोलावतील तिथं. आणि गायन पार्टीची एक रीत आहे. वाजवणारा रंगात आला की ऐकणाऱ्यांतलं कोणीतरी उठतं, स्टेजवर जातं, त्याच्यापुढं नोट ठेवतं आणि हात जोडतं. नोट कितीची हे कोणी बघत नाही. ढोलकीवाला गाणं न थांबवता तीन जोरदार ठोके देतो. तो त्याचा सलाम.

रविवारी पोरीचा हात ऐकून ग्यानोबाला राहवलं नाही. भर वादनात तो उठला, पायऱ्या चढला, सगळ्या सतारींच्या मधून वाट काढत गेला आणि पोटच्या पोरीपुढं नोट ठेवून त्यानं हात जोडले. आणि आकांक्षाचा हात बापानंच घडवलेला. तिनं विचार केलाच नाही. तीन ठोके दिले. सभागृह दणाणलं. पण त्याच वेळी एका व्हायोलिनवाल्या मुलीची एकटीची पाळी आली होती. ती त्या ठोक्यांनी गडबडली, थांबली, आणि तिच्या मागचे सगळे अडखळले.

"व्हय, शितल. त्या व्हायोलिनवाल्या लेकराचं नाव शितल हाय, ठाऊक हाय मला. … तिचं नुकसान झालं, बराबर हाय. ते मी कुठं नाकारून राहिले? तिच्या तोंडाकडं बघितलं व्हतं मी. रडकुंडीला आलती. … पन सर, नोट ठेवली आकांक्षाच्या बाबानं. स्टेजवर चढले ते. मग सजा पोरीला काहून? … तिनं ठोके दिले म्हनून? अहो, हात हाय त्यो! खोकला आला की तोंडावर हात जातो, तसा गेला. … न्हाई न्हाई, तुमी ऐका ना. ती चालायला लागली न्हाई तवापासून बापाच्या मांडीवर बसून ढोलकीवर थापा मारते. गावात बाया हसायच्या. पोरीची जात आन् ढोलकी बडवते म्हनायच्या. मी म्हनलं, हसा. आज त्याच बाया मोबाईलमधी तिचा व्हिडिओ बघून राहिल्या. माझ्या हॉटेलात रोज लागतो. डायवर लोक मला म्हनतात, मावशी, चहा नंतर, आधी ढोलकी लावा."

बाकड्यावर चहा घेत बसलेल्या नेमसिंगनं मान डोलवली. तो ट्रकवाला, नेहमीचा. रविवारपासून त्यानं तो व्हिडिओ इतक्यांदा पाहिला होता की त्यातला ग्यानोबा पायऱ्या चढायला लागला की तो आधीच हसायचा.

"आँ? काय म्हनलात? … परत म्हना. … 'अशा कार्यक्रमांची सवय.' अशा म्हंजी कशा, सर?"

जनकाबाईनं फोन खांद्यावरून काढून हातात घेतला. खिचडीचे डाग स्क्रीनला लागले. लागू दे.

"न्हाई, सांगा ना. मी इचारून राहिले. अशा म्हंजी कशा? … आता काहून गप्प झालात? … बरं, ऱ्हाऊ द्या. नका सांगू. मला कळलं. तुमाला बी कळलं मला कळलं ते. … न्हाई, मी काहीच इपरीत काढून न्हाई राहिले. तुमीच शब्द टाकला, तुमीच उचलला. … हां. पुढं बोला."

असले शब्द जनकाबाईनं आयुष्यात पुष्कळ ऐकले होते. बोलणारा ते बोलतो, मग समोरचा विचारतो 'म्हणजे काय?', आणि बोलणाऱ्याला एकदम दुसरं काम आठवतं. पण आज भांडून मोकळं होण्यासारखी गोष्ट नव्हती. हॉटेलच्या मागल्या दाराशी ग्यानोबा पोतं अंथरून कांदे चिरत बसला होता. आकांक्षानं काल सकाळी फोन करून एवढंच सांगितलं होतं, "आई, शुक्रवारी येऊ नका. मला काढलंय." का, कसं, काही नाही. तेव्हापासून ग्यानोबानं ढोलकीला हात लावला नव्हता आणि जेवताना मान वर केली नव्हती. आत्ताही तो तिला हातानं खुणावत होता. ठेव फोन. जाऊ दे. वाढवू नको.

"तुमी गप बसा हो. … तुमाला न्हाई सर. आकांक्षाच्या बाबाला. … हां, हितंच हायत. कांदे चिरून राहिले. … न्हाई, फोनवर न्हाई येनार ते. आले तरी बोलनार न्हाईत. कालपासून बोललेच न्हाईत ते कोनाशी."

मग तिचा आवाज एकदम खाली आला. नेमसिंगनं कप ठेवला. जनकाबाईचा आवाज खाली येणं ही फाट्यावर रोज घडणारी गोष्ट नव्हती.

"सर, एक सांगते. लेकराचं शेवटचं वर्ष हाय. शुक्रवारचा कार्यक्रम झाला की घरी येनार ती. मग लग्नात वाजवील, जयंतीला वाजवील, शाळेत नोकरी लागली तर लेकरायला शिकवील. ते चांगलंच हाय. पन एवढ्या सगळ्या वाद्यांच्या मधात बसून वाजवनं तिला पुन्हा कुठं भेटनार? हितं फाट्यावर? हितं हॉर्न हायत नुसते. … तिचा एकटीचा तुकडा हाय ना शुक्रवारी? सुट्टीत आली व्हती तवा वाजवून दाखवलता. समोर परात उलटी ठेवून. मला ताल-बिल कळत न्हाई, पन भजे जळाले माझे, येवढं कळलं. … हां. हसलात ना? हसा. … मग तिच्या जागी कोन? … तबल्यावर भागवनार? … भागवनार म्हनता! पाव्हने आले आन् भाजी कमी पडली तर भागवतात, सर."

"स्कॅनर तिथं बरनीला चिकटवलाय, भाऊ. … तुमाला न्हाई सर."

तिनं पदरानं तोंड पुसलं. मागल्या दाराकडं पाहिलं नाही. पाहिलं असतं तर पुढचं बोलता आलं नसतं.

"तर सर, आमची चूक झाली. आमाला तुमच्याकडची रीत ठाऊक नव्हती. मी माफी मागते. आकांक्षाच्या बाबाच्या वतीनं बी मागते. हे बघा, हात जोडले. तुमाला दिसत न्हाई म्हनून सांगून राहिले. पन लेकराला बसू द्या. … व्हय. … व्हय सर, मनापासून. … बघा, तुमी बी बापच असाल कोनाचे तरी. … "

तेलात सोडलेल्या मिरच्या तडतडत होत्या. पलीकडचा आवाज आता मवाळ झाला असावा, कारण जनकाबाईच्या कपाळावरची आठी सैल होत गेली. मग मध्येच ती आठी जागेवरच थांबली.

"काय? … पोरीनं बी असंच म्हनलं असतं तर इषय तवाच मिटला असता? … म्हंजी? तिला सांगितलं व्हतं का तुमी माफी मागायला? … कवा? … परवा, तालमीला. … सगळ्यांसमोर उभं करून? … बरं. मग मागितली न्हाई का तिनं?"

"… मागितली? मग? … शितलची मागितली. … तिच्यापाशी जाऊन, हात धरून. … शितल काय म्हनली? … असू दे म्हनली? … दोघी बी रडल्या. … बरं केलं माझ्या वाघिनीनं. तेच करायला पायजे व्हतं. … मग राहिलं काय, सर? … आनखी काय म्हनायचं व्हतं तिनं?"

जनकाबाईनं फोन कानाशी घट्ट धरला. फोनमधून बारीक आवाज येत राहिला. तिनं दुसऱ्या हातानं गॅस बंद केला, म्हणजे मिरच्यांचा आवाज थांबावा आणि एकही शब्द निसटू नये.

"थांबा. सावकाश सांगा. तुमी तिला काय म्हनायला लावलं? … 'माझे वडील अडानी हायत.' … हां. पुढं? … 'त्यांना संगीतातलं कळत न्हाई.' … असं? … असं सगळ्या पोरापोरींसमोर म्हनायचं? … आन् ते म्हनलं असतं तर शुक्रवारी बसवनार व्हते? … येवढंच? येवढी दोन वाक्यं?"

"… मग काय म्हनली ती? … तिचेच शब्द सांगा सर, तुमचे नको. … 'हे मी म्हननार न्हाई.' … बस? … आनखी काहीच न्हाई बोलली? वरडली न्हाई? … ढोलकी उचलली, कपाटात बराबर जाग्यावर ठेवली, आन् गेली. … कपाटाला कडी लावून? … व्हय, तीच. माझीच पोरगी हाय ती."

काल फोनवर आकांक्षा एवढंच बोलली होती, "मला काढलंय." त्यामागची ही गोष्ट तिनं आईबापाला सांगितली नव्हती. सांगितली असती तर ग्यानोबा म्हणाला असता, म्हण की बाई, दोन वाक्यांनी काय होतं, मी आहेच अडाणी. आणि पोरीला ते बापाच्या तोंडून ऐकायचं नव्हतं. जनकाबाईला हे सगळं उभ्या जागी कळलं. छातीत काहीतरी वर आलं. रडू नव्हतं ते. जयंतीच्या मिरवणुकीत गावातल्या सगळ्या ढोलक्या एका ठोक्यावर येतात तेव्हा जसं होतं, तसं काहीतरी.

"सर, फोन ठेवू नका. एक मिनिट. ठेवला तर पुन्हा लावीन. … अहो! अहो, ऐका ना इकडं! टाका तो कांदा खाली. तुमच्या पोरीला तुमच्यापायी न्हाई काढलं! तुमाला अडानी म्हनायला लावत व्हते तिला, सगळ्यांसमोर. ती म्हनली न्हाई! कार्यक्रम सोडला, पन म्हनली न्हाई! … आता काय रडता, उठा ना! तोंड धुवा! … नेमसिंग भाऊ, ह्यांना पानी द्या जरा."

नेमसिंग पाण्याचा जग घेऊन धावला. ग्यानोबा चाकू हातात घेऊन तसाच बसला होता. कांद्यानं डोळे आधीच लाल होते, म्हणून कोणाला काही वेगळं सांगायची गरज पडली नाही.

"हां सर. हायत ना? … मघा मी माफी मागितली ती ध्यानात हाय ना? … ती वापस द्या."

"… वापस म्हंजी वापस. मी मागितली, आता मी घेऊन राहिले. … असं कसं चालत न्हाई? ज्या गोष्टीसाठी माझ्या लेकरानं शेवटचा कार्यक्रम सोडला, तीच मी हितं फुकटात तुमाला देऊन बसले व्हते. चूक झाली. शितलची माफी मी मागनार, तिच्या घरी जाऊन मागीन, तिचं नुकसान झालं. तुमचं काय नुकसान झालं? … विभागाची इज्जत? सर, एका बापानं लेकीला हात जोडले. त्यात इज्जत जाते का येते, तेवढं बी शिकवत न्हाईत का तुमच्याकडं?"

बाकड्यावरचे दोघं-तिघं उठून उभे राहिले होते. गाडीचा हॉर्न वाजला तरी कोणी हललं नाही.

"… न्हाई, धमकी न्हाई. मी काहून धमकी देऊ? मी खिचडी विकते. … काय म्हनता? … म्हंजी आमी न्हाई आलो तर बसवता तिला? … आईबाप आले न्हाईत तर. … "

हे मात्र तिनं गृहीत धरलं नव्हतं. घरी बसलं की पोरगी स्टेजवर. एवढी सोपी गोष्ट. एका क्षणात तिला शुक्रवारचा सगळा कार्यक्रम दिसला. दिवे, सतारी, मधोमध आकांक्षा, आणि समोर दोन रिकाम्या खुर्च्या. तिनं ग्यानोबाकडं पाहिलं. तो ऐकत होता. फोनमधलं ऐकू येत नव्हतं त्याला, पण तिच्या तोंडावरचं दिसत होतं. आणि त्यानं लगेच मान हलवली. हो म्हण. आम्ही नाही जात, हो म्हण. पोरीसाठी तो घरीच काय, विहिरीतही बसला असता.

जनकाबाईनं त्याच्याकडं पाठ केली.

"न्हाई सर. आमी येनार. … ऐका ना. ऐका! लेकरानं बापाला खाली पाडलं न्हाई, आन् मी त्याच बापाला घरी कोंडून ठेवू? मग तिनं काय कमावलं? … मी काय म्हनते ते ऐका, सौदा पटला तर बघा. आमी येऊ. एकटे न्हाई, गावातून टेम्पो ठरलाय. … घाबरू नका, घाबरू नका! सगळे मागं बसतील. वाजवनं चालू असताना एक मानूस उठनार न्हाई, ही जबान देते मी. शितलची पाळी आली की खोकला बी दाबून धरू. तुमची रीत आता ठाऊक झाली, ती आमी पाळू. … हां. पन सगळं संपलं, टाळ्या झाल्या, की आकांक्षाचे बाबा पायऱ्या चढतील. पोरीपुढं नोट ठेवतील. शितलपुढं बी ठेवतील. ती आमची रीत. … तुमची आमी पाळतो ना? … मग?"

"… न्हाई, 'कमिटीपुढं ठेवतो' न्हाई. काढताना कोनाला इचारलं व्हतं? … 'बघू' बी न्हाई. बघू म्हंजी काय ते मला शाळेपासून ठाऊक हाय. … आन् ते दोन वाक्यं तिला पुन्हा सांगायचे न्हाईत. कवाच न्हाई. तिला एकटीला खोलीत बोलवून बी न्हाई. … "

ग्यानोबा मागल्या दारातून आत येऊन उभा होता, हातात चाकू तसाच. नेमसिंगनं त्याच्या हातातून तो हळूच काढून घेतला.

"हॅलो? … सर? … हायत तुमी, श्वास ऐकू येऊन राहिला मला. लाईन चालू हाय. … मला बी घाई हाय, संध्याकाळची खिचडी टाकायची हाय. पन मी ठेवनार न्हाई. … एकच इचारते, लांबड लावू नका. शुक्रवारी ढोलकीवर कोन बसनार, सर? … नाव घेऊन सांगा. कोन?"